पंपिंग तीस टक्के, पण कशाचे?

७० मिलिलिटर. शांत बसलेल्या धडधाकट माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण एवढं रक्त शरीरात सोडतं. आता दोन माणसं घेऊ. पहिल्याच्या हृदयाचा डावा खालचा कप्पा पूर्ण भरतो तेव्हा त्यात १२० मिलिलिटर रक्त असतं आणि आकुंचनानंतर ५० मागे उरतं. दुसऱ्याचा कप्पा ताणून मोठा झालाय. तो भरतो तेव्हा २२०, आणि आकुंचनानंतरही १५० आतच राहतं. दोघांनी बाहेर सोडलं ते ७०च. तरी पहिल्याचं इजेक्शन फ्रॅक्शन ५८ टक्के भरतं, दुसऱ्याचं ३२. यवतमाळात टूडी इको (ध्वनिलहरींनी हृदयाची चित्रतपासणी) करून बाहेर आलेला माणूस घरच्यांना "पंपिंग बत्तीस आहे" असं सांगतो, ते हे ३२.

म्हणजे हा आकडा रक्त किती गेलं हे सांगत नाही. भरलेल्यापैकी किती वाटा गेला, एवढंच सांगतो. अशक्त झालेलं हृदय स्वतःला ताणून, जास्त भरून घेऊन ७० मिलिलिटरचा हिशेब जुळवत राहतं. म्हणूनच ३२ पंपिंगचा शेतकरी ओट्यावर बसलेला असतो तोवर बरा दिसतो आणि बांधापर्यंत चालत गेला की त्याला दम लागतो. ताणण्याला मर्यादा आहे. ती ओलांडली की पाय सुजतात, रात्री आडवं झोपवत नाही, आणि मग दवाखाना गाठला जातो.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण त्यानं घरोघरी विनाकारण झोप उडते. पंपिंग १०० टक्के कुणाचंच नसतं. अमेरिकी आणि युरोपीय इको संघटनांनी २०१५मध्ये ठरवलेल्या मापांनुसार पुरुषांत ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ हे सर्वसाधारण. त्यामुळे ५८ म्हणजे ४२ टक्के हृदय गेलं, असा अर्थ होत नाही. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची विभागणी वेगळी आहे : ४० आणि त्याखाली, ४१ ते ४९, आणि ५० व त्यापुढे. यातली ४०ची रेषा सगळ्यात महत्त्वाची, कारण जीव वाचवणाऱ्या औषधांच्या बहुतेक मोठ्या चाचण्या तिच्याखालच्या रुग्णांवर झाल्या. उदाहरणार्थ, २०१९ची डॅपाग्लिफ्लोझिनची चाचणी. ४,७४४ रुग्ण, सगळे ४० किंवा त्याखालचे. आजार बळावणं किंवा हृदयविकारानं मृत्यू, हे नेहमीच्या उपचारांवरच्या गटात २१.२ टक्के लोकांच्या वाट्याला आलं, आणि सोबत हे औषध घेणाऱ्या गटात १६.३ टक्क्यांच्या. भारतात या औषधाचं पेटंट २०२०मध्ये संपलं, देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत उतरली. औषध आता आवाक्यात आहे. ते कुणाला द्यायचं हे ठरवणारा आकडा मात्र इकोशिवाय मिळत नाही.

आणि हा आकडा वाटतो तेवढा टणक नाही.

इको करणारा डॉक्टर छातीच्या खालच्या डाव्या बाजूनं, हृदयाच्या टोकाकडून, दोन कोनांतून चित्र घेतो. कप्पा पूर्ण भरलेला असताना आणि पूर्ण आकसलेला असताना आतली कड रेखाटतो. यंत्र त्या आकाराच्या २० चकत्या कल्पून त्यांची बेरीज करतं, त्यातून आकारमान निघतं, आणि दोन आकारमानांतून टक्का. चुकीला वाव आहे तो कड रेखाटताना. टोक चित्रातून कापलं गेलं की कप्पा आहे त्याहून लहान मोजला जातो. विडी ओढून फुप्फुसं फुगलेल्या माणसाचं चित्र धूसर येतं. नाडी अनियमित असेल तर एका ठोक्यावर भरवसा ठेवता येत नाही, पाच ठोक्यांची सरासरी घ्यावी लागते. हे सगळं नीट सांभाळूनही दोन वेळच्या तपासण्यांत साधारण १० अंकांपर्यंतचा फरक निव्वळ मोजणीचा असू शकतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा. तीन महिन्यांपूर्वी ३० होतं आणि आता ३६ आलं, तर हृदय सुधारलं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. २८चं ४५ झालं तर म्हणता येतं. शक्यतो तेच यंत्र, तोच मोजणारा असावा, आणि रिपोर्टवर टक्क्याबरोबर दोन्ही आकारमानंही लिहिलेली असावीत. भरलेला कप्पा २२०वरून १७०वर आला, तर टक्का फारसा हलला नसला तरी हृदय आवरतंय हे कळतं. रिपोर्टवर नुसता टक्का असेल तर ही बातमी हाती लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे : कमकुवत हृदयाच्या रुग्णासाठी पहिला इको जेवढा मोलाचा, तेवढाच किंबहुना अधिक मोलाचा दुसरा इको आहे, आणि आपल्याकडे हरवतो तो दुसरा.

हा दुसरा इको तीन महिन्यांनी करायचा. तीन महिनेच का? औषधांना हृदयाचा आकार बदलायला तेवढा वेळ लागतो. पंपिंग ३५ किंवा त्याखाली असेल तर अचानक मृत्यू टाळण्यासाठी छातीत शॉक देणारं यंत्र बसवायचं का, हा प्रश्न येतो. तो निर्णयसुद्धा किमान तीन महिने पूर्ण औषधं दिल्यानंतरच्या इकोवर घ्यायचा असतो, पहिल्या दिवशीच्या नव्हे. पहिल्याच आकड्यावर यंत्र बसवलं तर कदाचित गरज नसलेल्या माणसाला लाखोंचा खर्च, आणि दुसरा इको झालाच नाही तर गरज असलेला माणूस यंत्राविना. २०२१च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत 'सुधारलेलं हृदय' असा स्वतंत्र गट आहे : आधी ४० किंवा कमी, नंतर किमान १० अंकांची वाढ आणि ४०च्या वर. दुसरा इको न झालेला रुग्ण या व्याख्येत बसूच शकत नाही.

सुधारणा झाल्यावरचा धोका आणखी वेगळा. आकडा ५० झाला की "बरं झालं" म्हणून गोळ्या बंद होतात. लंडनमध्ये नेमका हाच प्रश्न तपासला गेला आणि २०१९मध्ये निष्कर्ष आले. हृदय पूर्ववत झालेल्या ५१ रुग्णांपैकी २५ जणांची औषधं देखरेखीखाली हळूहळू थांबवली. सहा महिन्यांत त्यातल्या ११ जणांचा आजार परतला. औषधं चालू ठेवलेल्या २६ जणांत एकाचाही नाही. दारूनं, बाळंतपणानं किंवा विषाणूनं थकलेलं हृदय सुधारतं तेव्हा घरात आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा. पण सुधारलेला आकडा गोळ्यांमुळे उभा असतो.

आता देशाचे आकडे. ५३ रुग्णालयांतल्या १०,८५१ हार्ट फेल्युअर रुग्णांची राष्ट्रीय नोंद २०२२मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी वय जेमतेम ६०. सुमारे ७२ टक्क्यांत मूळ कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार. ६५ टक्के रुग्णांचं पंपिंग ४०च्या खाली, आणि त्यांतल्या निम्म्यांहून कमी, ४७.५ टक्के रुग्णांनाच शिफारस केलेली औषधं मिळत होती. ९० दिवसांत १४.२ टक्के दगावले. हे ९० दिवस म्हणजेच दुसऱ्या इकोपर्यंतचे तीन महिने. शंभरातले १४ जण तिथवर पोचतच नाहीत. तिरुवनंतपुरमच्या नोंदीत १,२०५ रुग्णांचा पाच वर्षं मागोवा घेतला, तेव्हा ५९ टक्के मरण पावले होते. ही आपल्या देशातल्या, त्यातल्या त्यात आरोग्यसेवेत पुढे असलेल्या राज्यातली स्थिती.

यवतमाळ जिल्ह्याची २०११ची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. साडेतेरा हजार चौरस किलोमीटर, १६ तालुके, शंभरातली ७८ माणसं खेड्यात. भारतातल्या हार्ट फेल्युअरचा २०१०मधला अंदाज १३ ते ४६ लाख रुग्णांचा, म्हणजे लोकसंख्येच्या ०.१२ ते ०.४४ टक्के. तेच प्रमाण इथे लावलं तर ३,३०० ते १२,२०० रुग्ण होतात. हा गुणाकार आहे, मोजणी नव्हे. तरी कामाचा आवाका त्यातून दिसतो. प्रत्येकाचे वर्षात दोनच इको धरले तरी ६,६०० ते २४,४००. कामाचे ३०० दिवस धरा, दिवसाला २२ ते ८१. नीट केलेल्या इकोला अर्धा तास लागतो, सहा तासांत १२. म्हणजे फक्त या एका आजारासाठी दोन ते सात माणसं आणि तेवढीच यंत्रं पूर्णवेळ लागतील. संशयावरून पाठवलेले आणि तपासणीत निरोगी निघणारे यात धरलेलेच नाहीत.

जिल्ह्याची मोठी सरकारी जागा म्हणजे १९८९मध्ये सुरू झालेलं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात अकोला, लातूर, औरंगाबादबरोबर त्याचीही सुपरस्पेशालिटीसाठी निवड झाली. ही जमेची मोठी बाजू आहे. पण नकाशा पाहा. पैनगंगेकडच्या उमरखेडच्या माणसाला नांदेड जवळ पडतं, वणीच्या माणसाला चंद्रपूर, आणि गंभीर म्हटलं की सगळ्यांना नागपूर, जे यवतमाळहूनच दीडशे किलोमीटरवर आहे. पहिला इको एका शहरात, दुसरा दुसऱ्या यंत्रावर, आणि मधल्या काळात कापूस वेचणीचा हंगाम. त्या १० अंकांच्या गोंधळाला यापेक्षा अनुकूल परिस्थिती नाही.

या जिल्ह्यात टक्का फसवतो ती आणखी एक जागा आहे. इथे १८.५ टक्के लोकसंख्या आदिवासी, त्यात गोंड, परधान आणि कोलाम. सिकलसेलचा आजार या पट्ट्याला नवा नाही. सिकलसेलमध्ये पंपिंग ६० असूनही हृदय संकटात असू शकतं, कारण दाब वाढतो तो फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत. तो इकोमध्ये दिसतो, पण टक्क्यात नाही. उजव्या बाजूच्या झडपेतून उलट येणाऱ्या रक्ताचा वेग पाहावा लागतो. तो सेकंदाला २.५ मीटर किंवा अधिक असलेल्या सिकलसेल रुग्णांत मृत्यूचा धोका कित्येक पटींनी जास्त असल्याचं २००४च्या अमेरिकी अभ्यासानं दाखवलं. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३मध्ये सुरू झाली, तिचा भर रक्ततपासणीवर आहे. रोग निश्चित झालेल्या प्रौढांचा एक इको त्याला जोडायला हवा. तीच गोष्ट रक्तक्षयाची. रक्त पातळ असलं की हृदय जोरात चालतं आणि टक्का उलट चांगला दिसतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदलंय. धाप लागणाऱ्या बाईचा इको नॉर्मल आला म्हणून तिला घरी पाठवू नये.

तालुक्याच्या ठिकाणी पूर्ण इको शक्य नसेल तर छोटा इको शक्य आहे. मिट्रल झडपेची पुढची पाकळी उघडताना हृदयाच्या मधल्या पडद्याच्या किती जवळ जाते, हे एका रेषेवर मोजता येतं. अंतर ७ मिलिमीटरपेक्षा जास्त राहिलं तर पंपिंग कमी असल्याचा संशय बळावतो. हृदयाकडे येणारी मोठी नीला २१ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल आणि श्वास आत घेताना निम्मीही आकसत नसेल, तर अंगात पाणी साठल्याचा संशय घ्यावा. ही दोन मापं काही आठवड्यांत शिकवता येतात. हरियाणातल्या सिरसा इथे २०१२मध्ये हातात मावणाऱ्या यंत्रांनी दोन दिवसांत हजाराहून अधिक लोकांचे इको केले गेले आणि इंटरनेटवरून दूरदूरच्या तज्ज्ञांनी ते वाचले.

मग यवतमाळात असं यंत्र गावोगाव का फिरत नाही? यात कायद्याची बाजू आहे. पोटातल्या मुलीला शोधणाऱ्या आणि हृदय पाहणाऱ्या यंत्रांचं तंत्र एकच. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८मध्ये महाराष्ट्रानं केला, देशाचा १९९४मध्ये आला. २०१२च्या नियमानुसार पोर्टेबल सोनोग्राफी यंत्र नोंदणी झालेल्या जागेत दाखल रुग्णांसाठी, किंवा इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच वापरता येतं. २०११मध्ये महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. हा नियम सैल करा असं म्हणण्याची माझी तयारी नाही. पण फिरत्या पथकाची वाट त्याच नियमात मोकळी ठेवलेली आहे. नोंदणीकृत पथक, फक्त हृदयासाठीचा प्रोब, प्रत्येक तपासणीची साठवलेली चित्रं आणि वाचायला वैद्यकीय महाविद्यालयातला तज्ज्ञ, एवढं कायद्याच्या चौकटीत बसतं. झरी-जामणी, मारेगाव, महागावच्या ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी ते पोचू शकतं.

त्याआधी, बिनखर्चाचं एक काम आजही होण्यासारखं आहे. पंपिंग ४० किंवा कमी असलेल्या प्रत्येकाच्या डिस्चार्ज कार्डावर टक्क्याशेजारी दोन्ही आकारमानं आणि दुसऱ्या इकोची तारीख लिहावी. आशाताईंच्या वहीत ती तारीख उतरावी. आणि जिल्ह्यानं वर्षाच्या शेवटी जाहीर करावं : अशा रुग्णांपैकी किती जणांचा दुसरा इको ९० ते १२० दिवसांच्या आत झाला, आणि ज्यांचा झाला नाही त्यांच्यापैकी किती जण हयात आहेत.