चाकांवरच्या घराची रात्र कोठे काढावी?

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत अमेरिकेला निघालेले अनेक ज्येष्ठ स्त्री-पुरुष तीन-चार महिन्यांची औषधे लिहून घेण्यासाठी दवाखान्यात येतात. मुलांकडे राहायचे असते, नातवंडांना सुट्टी लागली की फिरणेही ठरलेले असते. अलीकडे या फिरण्यात आरव्हीच्या सहलीची भर पडली आहे. आरव्ही म्हणजे चाकांवरचे घरच. झोपण्याची जागा, छोटे स्वयंपाकघर, फ्रिज आणि शौचालय असलेली ही मोठी मोटार भाड्याने घ्यायची आणि राष्ट्रीय उद्यानांच्या दिशेने निघायचे. तीन पिढ्या एकत्र, घरचा वरणभात, गाडी थांबली की पाठ टेकण्याची सोय. ज्येष्ठांना हा बेत आवडतो आणि नीट आखला तर तो मानवतोही.

या सहलीत दिवसाची फारशी चिंता नसते. दिवसा रस्त्यावर वर्दळ असते, मुले जागी असतात. खरी परीक्षा असते ती रात्रीची. आरव्ही रात्री जेथे उभी करायची ते तळ, म्हणजे आरव्ही पार्क आणि कॅम्पग्राउंड, पश्चिम अमेरिकेत अनेकदा अशा ग्रामीण भागात असतात की पुढचे गाव चाळीस-पन्नास मैलांवर असते. त्यामुळे तळ निवडताना छायाचित्रातील सूर्यास्त पाहण्याआधी कुटुंबातील सर्वांत नाजूक प्रकृतीच्या व्यक्तीची रात्र डोळ्यांपुढे आणावी. तिला झोप लागेल का, लघवीला उठता येईल का, छातीत दुखू लागले तर मदत किती वेळात मिळेल? या प्रश्नांची उत्तरे जेथे समाधानकारक मिळतील, तो तळ चांगला.

आधी मोकळेपणाने बोला

आरक्षण मुले करतात आणि ती हौसेने करतात. त्यांच्या उत्साहावर विरजण पडू नये म्हणून आई-वडील आपल्या गरजा सांगत नाहीत. रात्री तीनदा उठावे लागते, पायऱ्या उतरताना तोल जातो, घोरण्यासाठी सीपॅप यंत्र लावावे लागते, या गोष्टी सुनेसमोर वा जावयासमोर बोलायला संकोच वाटतो. मग त्यावर मूक उपाय योजले जातात. शौचालयाला जावे लागू नये म्हणून दुपारनंतर पाणी पिणेच बंद होते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी परस्पर टाळली जाते. कोरड्या, उष्ण हवेत याचा परिणाम दोन दिवसांत दिसतो: चक्कर, बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग, क्वचित उठता क्षणी कोसळणे. हृदयविकाराच्या रुग्णाला गोळी बंद केल्याने दम लागू शकतो.

ज्येष्ठांनो, या गरजा मोकळेपणाने सांगा, कारण तळ कोणता घ्यावा हे त्यांवरूनच ठरते. आणि मुलांनो, विचारताना "काही त्रास नाही ना?" असे विचारू नका, त्याला उत्तर "नाही" असेच येते. "रात्री किती वेळा उठता?" असे विचारा.

तळांचे तीन प्रकार

पहिला प्रकार खासगी आरव्ही पार्कांचा. येथे बहुधा प्रत्येक जागेवर वीज, पिण्याचे पाणी आणि सांडपाण्याची नळी अशा तिन्ही जोडण्या असतात. त्यांना तेथे 'फुल हुकअप' म्हणतात. स्नानगृहे आणि कार्यालयात चौकशीला माणूसही असतो. दुसरा प्रकार राष्ट्रीय आणि राज्य उद्यानांतील कॅम्पग्राउंडांचा. परिसर रम्य, पण वीज अनेक ठिकाणी नसते. तिसरा प्रकार राष्ट्रीय वनांतील व सरकारी मोकळ्या जमिनींवरील उघड्या जागांचा. तेथे वीज, पाणी, शौचालय, राखणदार यांपैकी बहुधा काहीच नसते. तरुणांना ही शेवटची जागा भुरळ घालते. सत्तरीच्या पुढील, औषधांवर असलेल्या व्यक्तीला घेऊन रात्र काढण्यास ती योग्य नाही.

एकाच उद्यानातही फरक असतो. सुमारे ९,००० चौरस किलोमीटर पसरलेल्या यलोस्टोनमध्ये तिन्ही जोडण्या असलेला तळ एकच आहे, फिशिंग ब्रिज. अस्वलांचा वावर असल्यामुळे तेथे कापडी तंबूंना परवानगी नाही, भक्कम भिंतींच्या गाड्याच उभ्या राहू शकतात. म्हणून केवळ उद्यानाचे नाव पाहून निश्चिंत होऊ नये. तळाचे नाव आणि शक्य तर जागेचा क्रमांकही पाहावा.

विजेवर अवलंबून असलेल्यांसाठी

सीपॅप किंवा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरणाऱ्यांनी विजेची जोडणी असलेलीच जागा घ्यावी. "गाडीत जनरेटर आहे" या आश्वासनावर विसंबू नये, कारण शांततेच्या वेळेत, म्हणजे नेमके रात्रीच, बहुतेक तळांवर जनरेटर चालवण्यास मनाई असते. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची आहे, आपली २३० ची. सीपॅपच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असल्यास अडचण नाही. भारतात घेतलेला मोठा कॉन्सन्ट्रेटर मात्र तेथे बहुधा चालत नाही.

इन्सुलिनची न उघडलेली पेने २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावीत. वापरात असलेले पेन साधारण ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकते. मुदत प्रकारानुसार बदलते, ती वेष्टनावर पाहावी. अनेक आरव्हींमधील फ्रिज गाडी तिरकी उभी असल्यास नीट चालत नाहीत, त्यामुळे जागा सपाट आहे का, हे विचारणे इन्सुलिनसाठीही महत्त्वाचे आहे. इन्सुलिन बर्फाला चिकटून ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे.

जनरेटर व गॅसच्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन आणि गंधहीन असतो. गाडीतील त्याचा सूचक चालू आहे याची खात्री गाडी ताब्यात घेतानाच करावी. एकाच वेळी अनेकांचे डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर सर्वांनी आधी बाहेर पडावे.

उंचीचा हिशेब

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. फिशिंग ब्रिजचा तळ सुमारे २,४०० मीटरवर आहे. युटामधील ब्राइस कॅन्यनचा कडा २,४०० ते २,७०० मीटर. या उंचीवर हवेचा दाब, आणि त्याबरोबर श्वासातून मिळणारा ऑक्सिजन, समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो. निरोगी माणसाला डोकेदुखी आणि झोपमोड एवढेच जाणवते. दमा, सीओपीडी, हृदयाची अशक्तता किंवा रक्तक्षय असलेल्यांना मात्र झोपेत श्वास अपुरा पडू शकतो.

लास व्हेगास सुमारे ६०० मीटरवर आहे. तेथून निघून त्याच रात्री ब्राइसला झोपणे ज्येष्ठांनी टाळावे. वाटेत झायनची दरी लागते, तिची उंची सुमारे १,२०० मीटर. तेथील वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये विजेची जोडणी असलेल्या जागाही आहेत. झायनला मुक्काम ठेवून ब्राइस दिवसा पाहून यावे. दिवसा उंच जावे, रात्री खाली झोपावे, हे सूत्र डोंगराळ प्रदेशात सर्वत्र उपयोगी पडते. त्या वाटेवरील बोगद्यात मोठ्या गाड्यांना निर्बंध आहेत, म्हणून आपल्या आरव्हीचा मार्ग आधी विचारून घ्यावा.

शौचालय आणि पायऱ्या

आरव्हीत चढायला तीन-चार अरुंद पायऱ्या असतात. गाडी निवडताना दाराशी धरायला दांडा आहे का, ते पाहावे. चालकाच्या डोक्यावरचा पलंग नातवंडांना द्यावा, ज्येष्ठांचा बिछाना खालचा आणि शौचालयाजवळचा असावा. रात्री गाडीतलेच शौचालय वापरावे. अंधारात, खडीवरून, एकट्याने सार्वजनिक शौचालयाकडे जाऊ नये. पुरुषांनी युरिन पॉट जवळ ठेवल्यास उत्तमच.

गाडीतील सांडपाण्याची टाकी दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करावी लागते. टाकी भरत आली की घरात "शौचालय जपून वापरा" असा सूर निघतो आणि त्याचा पहिला बळी ज्येष्ठांचे पाणी पिणे ठरते. म्हणून सांडपाण्याची जोडणी असलेली, किंवा निदान टाकी रिकामी करण्याची सोय असलेली जागा निवडावी. अनेक तळांवर अपंगांसाठी राखीव, घट्ट सपाट जमिनीच्या जागा असतात. काठी, वॉकर वा चाकांची खुर्ची लागत असेल तर त्याबद्दल जरूर विचारावे.

रुग्णालय किती मिनिटांवर?

अंतर मैलांत न मोजता मिनिटांत मोजावे. अमेरिकेच्या ग्रामीण भागात 'क्रिटिकल ॲक्सेस हॉस्पिटल' या वर्गातील छोटी रुग्णालये आहेत. १९९७ च्या कायद्याने हा वर्ग निर्माण झाला. तेथे दाखल रुग्णांसाठी जास्तीत जास्त २५ खाटा असतात, पण तातडीची सेवा चोवीस तास मिळते. अँजिओप्लास्टीची सोय अशा ठिकाणी बहुधा नसते. रुग्णाला स्थिर करून मोठ्या शहरात हलवतात, कित्येकदा हेलिकॉप्टरने. हा खर्च प्रचंड असतो. प्रवास विम्यात हवाई रुग्णवाहिका आहे का आणि आधीपासूनच्या आजारांना कितपत संरक्षण आहे, हे भारतातच वाचून घ्यावे.

माझा सल्ला असा: रक्तदाब व मधुमेह आटोक्यात असणाऱ्यांनी रात्रीचा तळ तातडीच्या सेवेपासून तासाभराच्या आत निवडावा, हृदयरुग्णांनी अर्ध्या तासाच्या आत. नुकताच हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांनी, तसेच घरी ऑक्सिजन लागणाऱ्यांनी, आपल्या डॉक्टरांशी बोलल्याविना दुर्गम भागात मुक्काम करू नये.

मदतीसाठी ९११ हा क्रमांक आहे, पण त्यासाठी कुठल्या तरी कंपनीचा सिग्नल हवा. तळावर पोहोचताच फोन पाहावा. सिग्नल नसेल तर सर्वांत जवळचा चालू दूरध्वनी कोठे आहे, ते विचारून ठेवावे. तळाचे नाव व जागेचा क्रमांक कागदावर लिहून दाराशी चिकटवावा. त्याच कागदावर औषधांची यादी मूळ नावांनी असावी, कारण आपली व्यापारी नावे तेथे कोणाला ठाऊक नसतात. आपल्या पॅरासिटामॉलला तेथे ॲसिटॅमिनोफेन म्हणतात आणि साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल.

पाणी, धूर आणि ऊन

११ जून २०१० च्या पहाटे आर्कान्सा राज्यातील अल्बर्ट पाइक या वनातील कॅम्पग्राउंडमध्ये अचानक पूर आला आणि झोपेत असलेल्या मुक्कामींपैकी २० जणांचा मृत्यू झाला. त्या दरीत मोबाइलचा सिग्नल जवळजवळ नव्हता. नदीकाठची जागा दिसायला सुंदर असते, परंतु हळू चालणाऱ्या माणसाला घेऊन अंधारात चढ गाठणे कठीण. म्हणून उंचावरची, बाहेर पडण्याच्या रस्त्याजवळची जागा मागावी. नैर्ऋत्येकडील कोरड्या ओढ्यांनाही जुलै ते सप्टेंबरमध्ये असे लोंढे येतात.

याच काळात वणव्यांचा धूर दूरवर पसरतो. दमेकऱ्यांनी हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक रोज पाहावा आणि रद्द करता येईल असेच आरक्षण घ्यावे. उन्हाळ्यात डेथ व्हॅलीचा मुक्काम ज्येष्ठांनी टाळावा. १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सियस या विक्रमी तापमानाची नोंद तेथेच झाली, आणि आजही उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे सहज जातो.

आरक्षणाआधी फोनवर विचारा

१. जागेवर वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी आहे का?
२. जागा सपाट आहे का? शौचालय किती पावलांवर आहे?
३. तळाची उंची किती?
४. चोवीस तास तातडीची सेवा देणारे रुग्णालय किती मिनिटांवर आहे?
५. कोणत्या कंपनीचा सिग्नल मिळतो? रात्री कोणी कर्मचारी असतो का?
६. पूर वा वणवा आल्यास बाहेर पडण्याचा रस्ता कोणता?
७. आजारपणामुळे रद्द केल्यास पैसे परत मिळतात का?

भारतातून पोहोचल्यावर पहिला आठवडाभर घरीच राहावे, झोप आणि औषधांच्या वेळा स्थिरावू द्याव्यात, मगच निघावे. प्रवासात पट्टा बांधून बसावे, दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे, आणि उजेड असेपर्यंत तळ गाठावा. संध्याकाळच्या चहाबरोबर त्या दिवशी कोणी किती पाणी प्यायले, हेही एकमेकांना विचारावे.