वाक्य शुद्ध, पण गोष्ट चुकली : कथालेखनातल्या व्याकरणाबद्दल

(भाईंदर पश्चिम येथे कथालेखनावर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन आहे. बोलण्याची लकब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागे ऐकू येतंय ना? पंख्याचा आवाज जरा जास्त आहे, पण पंखा बंद करा म्हटलं तर निम्मे लोक उठून जातील, म्हणून मीच थोडं मोठ्याने बोलतो.

विषय आहे कथा लिहिताना होणाऱ्या व्याकरणाच्या चुका. असं म्हटलं की सगळ्यांना शाळेतली लाल शाईच आठवते. ऱ्हस्व-दीर्घ. तर ते दोन मिनिटांत उरकू. मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ, म्हणून 'की' दीर्घ. 'आणि' आणि 'नि' हे अपवाद, ते ऱ्हस्व. 'परंतु', 'तथापि' ही संस्कृतातून जशीच्या तशी आलेली अव्यये, तीही ऱ्हस्व. मोबाईलवर टाइप करताना 'आणी' असा शब्द पुढे आला तर तो घेऊ नका. झालं. बाकीचं मुद्रितशोधक बघतो, त्याचं ते कामच आहे.

मला बोलायचंय ते मुद्रितशोधकाला न सापडणाऱ्या चुकांबद्दल. कारण तिथे वाक्य शुद्धच असतं. फक्त ते तुमच्या गोष्टीतल्या माणसाचं नसतं, किंवा तुम्हाला म्हणायचं असतं एक आणि वाक्य सांगतं दुसरंच.

त्याआधी एक गैरसमज काढून टाकू. पुष्कळ नवे लेखक, विशेषतः उत्तन, राई, मोर्वा या बाजूची मुलं-मुली, म्हणतात, 'आमची भाषा शुद्ध नाही, आम्ही काय लिहिणार?' आता बघा, आपण जे लेखनाचे नियम पाळतो ते मराठी साहित्य महामंडळाचे. १९६२ साली चौदा नियम आले, १९७२ साली चारांची भर पडली, एकूण अठरा. या अठरांमध्येच एक नियम असा आहे की पात्राच्या तोंडची वाक्यं बोलण्यातल्या उच्चाराप्रमाणे लिहायला हरकत नाही, 'असं केलं', 'मी म्हटलं' वगैरे. म्हणजे नियम करणाऱ्यांनी कथा-कादंबरीसाठी दार उघडं ठेवलं होतं. आणि लेखक त्या दारातून कितीतरी पुढे गेले. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० ची, त्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात. भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' १९६५ चा, तो मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांच्या भाषेत. आनंद यादवांच्या 'गोतावळा'मध्ये, १९७१ साली, नुसते संवाद नाहीत, निवेदनच खेड्यातल्या गड्याच्या बोलीत आहे. यातलं एकही पुस्तक अशुद्ध मराठीचं उदाहरण म्हणून कोणी शिकवत नाही.

तर पहिला प्रश्न शुद्ध की अशुद्ध हा नाही. पहिला प्रश्न, हे वाक्य कोण बोलतंय? निवेदक की पात्र?

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. 'मी गेली', 'मी आली'. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात, आगरी-कोळी वस्तीत, कितीतरी बायका असंच बोलतात. प्रमाण मराठीत 'मी गेले', 'मी आले'. तुमच्या कथेत भाईंदरच्या बाजारात मासळी विकणारी बाई बोलत असेल तर तिच्या तोंडी 'मी गेली' हेच बरोबर. तिथे 'मी गेले' लिहिलंत तर तुम्ही तिच्या तोंडातून तिची भाषा काढून घेतली. पण पुढच्याच ओळीत निवेदक तिसऱ्या पुरुषात, प्रमाण मराठीत सांगत असेल, तर त्याने प्रमाणच राहायला हवं. आणि तिसरी शक्यता, ती बाई स्वतःच गोष्ट सांगतेय. मग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत 'मी गेली'. चूक कुठे होते? पहिल्या तीन पानांत 'मी गेली', चौथ्यावर 'मी गेले', आणि पुढे वर्णन करायला लागली की एकदम 'मी प्रस्थान केले'. वाचकाला वाटतं, अरे, ही कोण आली आता?

आता जरा गुंतागुंतीचं. 'ने' कुठे लावायचा?

मराठीत भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की कर्त्याला 'ने' लागतो. त्याने आंबा खाल्ला, तिने पत्र लिहिलं. इथपर्यंत ठीक. पण काही क्रियापदं हट्टी आहेत. कर्म असूनही ती 'ने' घेत नाहीत. ती साडी नेसली. तो कविता शिकला. मी छत्री विसरलो. मुलगा वाट चुकला. मी चहा प्यायलो. तो म्हणाला. ही यादी व्याकरणाच्या पुस्तकांत मिळते. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचं, जाडजूड आहे, पण लेखकाच्या घरात ते असावं, निदान वाचनालयातून आणून चाळावं. हल्ली कथांमध्ये दिसतं 'तिने साडी नेसली', 'त्याने म्हणाला', 'त्याने चहा पिला'. यामागे बहुतेक वेळा हिंदी असते. 'उसने साड़ी पहनी', 'उसने चाय पी'. आपण मीरा-भाईंदरमध्ये राहतो, रिक्षात हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी, सोसायटीच्या मीटिंगमध्ये हिंदी. कान तसाच तयार होतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त कानाला हे माहीत हवं.

हिंदीवरूनच आलेलं आणखी एक, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 'बोलणे'. 'मी तिच्याशी बोललो' म्हणजे गप्पा झाल्या. 'मी तिला म्हणालो' म्हणजे काहीतरी सांगितलं. आणि 'मी तिला बोललो'? जुन्या मराठीत, घराघरातल्या मराठीत, याचा अर्थ रागावलो, टोचून बोललो. 'सासू सुनेला बोलली' एवढ्या तीन शब्दांत पूर्वी अख्खा प्रसंग उभा राहायचा. आता एका कथेत वाचलं, 'सासू तिला बोलली, चहा ठेव गं.' लेखिकेला प्रेमळ सासू दाखवायची होती. साठीच्या पुढच्या वाचकाला ती खाष्ट वाटते. मुंबईत आज 'मी त्याला बोललो' सर्रास चालतं, त्यामुळे पात्राच्या तोंडी खुशाल घाला. निवेदनात मात्र हे हत्यार बोथट करू नका. रागावण्यासाठी इतका छोटा शब्द दुसरा नाही.

आता 'आपला' आणि 'त्याचा'.

'रमेशने सुरेशला त्याच्या बायकोबद्दल सांगितलं.' कोणाच्या बायकोबद्दल? हात वर करा, रमेशच्या? ... सुरेशच्या? ... बघा, सभागृह दुभंगलं! इंग्रजीत हा घोटाळा आहेच, तिथे 'हिज' एकच. मराठीने तो सोडवून ठेवलाय. कर्त्याची स्वतःची असेल तर 'आपल्या'. 'रमेशने सुरेशला आपल्या बायकोबद्दल सांगितलं', म्हणजे रमेशचीच. 'त्याच्या' म्हटलं की सुरेशची. इंग्रजी कादंबऱ्या वाचून, मालिकांची सबटायटलं वाचून आपण सगळीकडे 'त्याच्या', 'तिच्या' लिहायला लागलो. 'तिने तिची पर्स उचलली.' कोणाची? दुसरीची उचलली असेल तर ती चोरी आहे, आणि गोष्ट वेगळीच झाली.

असाच घोटाळा 'की'चा. 'तो म्हणाला की तो उद्या येईल.' हे वाक्य व्याकरणात बसतं. पण येणार कोण, म्हणणारा की तिसराच कोणी? मराठीची जुनी सवय अशी की बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवायचे आणि मागून 'असं' किंवा 'म्हणून' लावायचं. 'मी उद्या येतो असं तो म्हणाला.' संशयच नाही. आणि बोलण्याचा सूरही टिकतो. 'येतो' म्हणाला की 'येईन' म्हणाला की 'बघतो' म्हणाला, यात केवढा फरक! 'तो येईल'मध्ये तो सगळा पुसला जातो. अवतरणचिन्हं वापरायची असतील तर वापरा, मराठीत विरामचिन्हांची पद्धत बसवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडींना देतात, एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. पण अवतरणचिन्हं नसतानाही मराठी आपलं काम करत होती, ते या 'असं' आणि 'म्हणून'वर.

आता माझा आवडता मुद्दा. 'आम्ही' आणि 'आपण'.

हिंदीत 'हम' एक, इंग्रजीत 'वी' एक. मराठीत दोन. ऐकणारा धरून 'आपण', ऐकणारा सोडून 'आम्ही'. समजा, मीरा रोडची वन बीएचके आहे. नवरा रात्री घरी येतो, जेवायला बसतो आणि बायकोला म्हणतो, 'आपण ही जागा विकायची का?' ठीक आहे, चर्चा होईल. आता तोच नवरा म्हणतो, 'आम्ही ही जागा विकायची ठरवलीय.' आम्ही म्हणजे कोण? तो आणि त्याचा भाऊ? तो आणि त्याची आई? त्या बाईला त्या एका शब्दात कळतं की आपल्याला वगळून काहीतरी झालंय. पुढे तुम्हाला 'तिला धक्का बसला' लिहायची गरज नाही. पण लेखकाने आधीच्या दहा पानांत 'आम्ही' आणि 'आपण' कसेही वापरले असतील, तर हा फरक वाचकाला ऐकूच येणार नाही.

तसंच एका टिंबाचं. 'त्याने' आणि 'त्यांनी'. अनुस्वार गेला की आदर गेला किंवा अनेकवचन गेलं. 'मुलीना' असा शब्द नाही, 'मुलीला' किंवा 'मुलींना'. हे शाळेतलं झालं. कथेत काय होतं? एक सून पंधरा वर्षं सासऱ्यांबद्दल 'त्यांनी सांगितलं', 'ते म्हणाले' असंच बोलतेय. एका प्रसंगानंतर मैत्रिणीजवळ म्हणते, 'त्याने सांगितलं.' नातं तिथे तुटलं. आणि 'आई आली' म्हणणारी मुलगी आहे, 'आई आल्या' म्हणणारी बहुधा सून आहे, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. म्हणून कथा लिहून झाल्यावर एक फेरी फक्त यासाठी मारा. कोण कोणाला अरे-तुरे करतं, कोण अहो-जाहो, आणि ते कुठे बदलतं? बदललं तर कारणाने बदललंय ना?

शेवटचा मुद्दा खास आपल्या शहराचा. जुलै २०२५ मध्ये भाषेवरून इथे मोर्चे निघाले, तो आजचा विषय नाही. पण या शहरावर मराठीत कथा लिहायची तर मोडकं मराठी बोलणारी पात्रं येणारच. आणि ती लिहायलाच जास्त व्याकरण लागतं. बहुतेक लेखक काय करतात? कोणत्याही परप्रांतीयाच्या तोंडी 'हमको मालूम नाय, तुमी बोला' छापाचं काहीतरी घालतात. उत्तर प्रदेशातून आलेल्या माणसाच्या चुका आणि गुजराती माणसाच्या चुका एक नसतात. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून हिंदीभाषक म्हणेल 'माझा घर', 'माझी पुस्तक', कारण त्याची 'किताब' स्त्रीलिंगी. गुजरातीत तिन्ही लिंगं आहेत, तिथे 'मारुं घर' असतं. त्यामुळे गुजराती दुकानदार 'माझं घर' सहज बरोबर म्हणेल. 'ळ' गुजरातीत आहे, प्रमाण हिंदीत नाही. 'आम्ही-आपण'चा फरक गुजरातीत आहे, हिंदीत नाही. म्हणजे बहुधा चुकेल कोण आणि कुठे, हे ठरलेलं असतं. सरसकट सगळ्यांना सारखंच चुकवलं तर ती माणसं राहत नाहीत, विनोदाची पात्रं होतात. आणि पलीकडच्या विंगमधला तो माणूस विनोदासाठी जन्माला आलेला नाही.

(यानंतर प्रश्नोत्तरे झाली. त्यातील एक येथे देत आहोत.)

प्रश्न : मी उत्तनची आहे. माझ्या कथेतली आजी 'पानी' म्हणते. एका अंकाने कथा छापताना सगळीकडे 'पाणी' केलं. काय करायचं?

उत्तर : बरं केलंत विचारलंत. हे पुष्कळांचं होतं. दोष नेहमी संपादकाचाच असतो असं नाही. त्याला कळत नाही की हे बोलीचं रूप आहे की टायपिंगची चूक. विशेषतः आजी एकदा 'पानी' आणि दोनदा 'पाणी' म्हणत असेल तर तो चूकच समजणार. म्हणून आधी आपली रूपं पक्की करा. 'ण'चा 'न' होत असेल तर तिच्या तोंडी सगळीकडे होऊ दे, 'पानी', 'कोन', 'लोनी'. मग कथेबरोबर अर्ध्या पानाची टीप जोडा. निवेदन प्रमाण मराठीत आहे, आजीचे संवाद बोलीत आहेत, पुढील रूपं बदलू नयेत, आणि खाली यादी. छापण्याआधी मुद्रितं पाहायला मिळतील का, हेही त्याच टिपेत विचारा. तरीही बदललं, तर पुढची कथा दुसरीकडे पाठवा. आणि हो, ती यादी करताना एकदा आजीला वाचून दाखवा. ती हसली तर कुठे हसली ते लिहून ठेवा.