दवाखान्यापर्यंतचा रस्ता कुणाच्या हिशेबात?

सातवा महिना लागला की घरात डोहाळजेवणाचा बेत सुरू होतो. हिरवी साडी येते, फुलांची वाडी भरली जाते. पण ऐनवेळी दवाखान्यात न्यायचं कशानं, हा प्रश्न मात्र बऱ्याच घरांत कळा सुरू झाल्यावरच निघतो. मग कुणाची तरी जीप, कुणाचा टेम्पो, नाहीतर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्यायचं!

बाळंतिणीचा जीव तीन उशिरांमुळे धोक्यात येतो, असं आरोग्यशास्त्र सांगतं. दवाखान्यात न्यायचं ठरवायला उशीर, तिथं पोचायला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. पहिल्यासाठी आपण सासूबाईंना बोल लावतो, तिसऱ्यासाठी डॉक्टरांना. पण मधल्या उशिराचं काय? त्याचा जाब कोण देणार?

तसं पाहिलं तर कागदावर सगळं आहे. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम लागू झाला. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि जेवण मोफत. घरून दवाखान्यात, गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात आणि बाळाला घेऊन परत घरी, हा प्रवासही मोफत. त्यासाठी १०२ ची गाडी आणि तातडीच्या वेळी १०८. मैत्रिणींनो, हा उपकार नाही, हक्क आहे. डिझेलचे पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, बरं का!

पण रुग्णवाहिका शेवटच्या दिवसासाठी. त्याआधीच्या तपासण्यांचं काय? २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. रक्तदाब वाढलाय, रक्त कमी आहे, हे वेळेत कळतं ते इथंच. पण नऊ तारखेला आपल्या गावची एसटी वेळेवर येईल, याची काळजी कुणी घेतो का? तारीख आरोग्य खात्याची, गाडी परिवहन खात्याची. दोन्ही कार्यालयं एकाच तालुक्यात असली, तरी एकाच्या वेळापत्रकाचा दुसऱ्याला पत्ता असतोच असं नाही.

१७ मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट मिळालं. छान झालं. पण गाडीच आली नाही, तर अर्धं काय नि पूर्ण काय! २०२१च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कामगार म्हणत होते, आम्हाला सरकारात विलीन करा. सरकार म्हणत होतं, महामंडळ वेगळं आहे. त्या वादात स्टँडवर ताटकळणाऱ्या बाईला उत्तर कुणी द्यायचं, हे राहूनच गेलं.

मातामृत्यू कमी झाले, हे खरंच. दर लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात २००१-०३ मध्ये १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. पण २०१९-२१ मध्ये तो पुन्हा ३८ झाला. म्हणजे निर्धास्त बसायची सोय नाही. प्रत्येक मातामृत्यूची चौकशी करायची पद्धत देशात २०१० पासून आहे. त्या चौकशीत ‘गाडी किती वाजता बोलावली, किती वाजता आली’ हे घरच्यांनी न घाबरता सांगायला हवं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय की सुरक्षित बाळंतपण हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

मग आपण काय करायचं? ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, तशी कायद्यात तरतूद आहे. तिथं आशाताईंना बसवून गावातल्या गरोदर बायकांची यादी आणि नऊ तारखेच्या गाडीची वेळ समोर ठेवा. ठराव लिहून घ्या. त्याची एक प्रत आगार व्यवस्थापकाला, दुसरी तालुका आरोग्य अधिकाऱ्याला द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. दाद लागली नाही, तर एसटीसाठी विभाग नियंत्रक आणि आरोग्यासाठी जिल्हा आरोग्य अधिकारी. फेरी का रद्द झाली, रुग्णवाहिका किती दिवस बंद होती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि मतं मागायला दारात येणाऱ्या पुढाऱ्यालाही हेच विचारा, कारण एसटीबद्दल विधानसभेत उत्तर शेवटी परिवहन मंत्र्यांनाच द्यावं लागतं.

रस्ता, गाडी आणि दवाखाना ही तीन खाती असतील सरकारसाठी. पोटुशी बाईसाठी ती एकच वाट आहे. त्या वाटेचा हिशेब आपण मागितला नाही, तर तो कुणी आपणहून आणून देणार नाही.