खाडीकांठचें काँक्रीट

ठाणें सोडून धीम्या गाडीनें कल्याणकडे निघालेल्या उतारूच्या उजव्या हाताला पारसिकचा डोंगर लागतो आणि डाव्या हाताला खाडी. स्वातंत्र्यानंतर या मार्गावर जी वस्ती वाढली, ती बव्हंशीं या दोन शेजाऱ्यांच्याच जिवावर. डोंगराकडून खडी आली, खाडींतून रेती आली. लांबून आणावें लागलें तें सिमेंट आणि लोखंड. खडी, रेती व सिमेंट यांत पाणी मिसळलें कीं काँक्रीट होतें, आणि त्यांत सळ्या पुरल्या कीं घराचा सांगाडा उभा राहतो. डोंबिवलीचीं कौलारू घरें आणि नौपाड्यांतले टुमदार बंगले गेले, त्यांच्या जागीं तीन-चार मजली इमारती आल्या. आणि आतां त्याही पाडून तेथें वीस-वीस मजले चढत आहेत.

पाडावयास काढलेल्या या इमारतींचें वय विचारलें तर ऐकणारा चकित होतो. आजोबांचा वाडा शंभर वर्षें टिकला आणि नातवाचा फ्लॅट चाळिशींतच खचला, हें कसें? लक्षणें बहुतेक घरीं सारखींच. स्वयंपाकघरांतील छताचा गिलावा फुगतो, एके दिवशीं त्याची खपली ओट्यावर पडते आणि वर तांबूस, गंजलेली सळई दिसूं लागते. घरधनी वरच्या मजल्यावरील मोरीला दोष देतो. सोसायटी वर्गणी काढून गच्चीवर पत्र्याची शेड घालते. पाणी झिरपतें हें खरें. पण पुष्कळदां मूळ रोग त्या पाण्याच्याही आधींचा असतो. आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं, अशांतली ती गत होते.

सिमेंटचा पाण्याशीं संयोग होतो तेव्हां त्यांतून कांहीं चुना मोकळा होतो. त्याच्या गुणामुळें सळईभोंवतीं एक अतिसूक्ष्म कवच धरतें, आणि तें शाबूत आहे तोंवर लोखंड गंजत नाहीं. हें कवच मोडणारे शत्रु दोन. एक हवेंतला कार्बन डायऑक्साइड वायु आणि दुसरा मीठ. वायूला आंत शिरण्यास वर्षें लागतात. मिठाला खाडीकांठीं तेवढेंही थांबावें लागत नाहीं, कारण न धुतलेल्या रेतीबरोबर तें पायाभरणीच्या दिवशींच घरांत येऊन बसलेलें असतें. गंजलेल्या लोखंडाचें आकारमान दुपटीहून अधिक होतें आणि तो फुगवटा भोंवतालचें काँक्रीट फोडून बाहेर येतो. सळ्यांच्या काँक्रीटमध्यें क्लोराइडचें प्रमाण दर घनमीटरास ०.६ किलोग्रॅमहून अधिक नसावें, असा भारतीय मानक ४५६ चा दंडक आहे. गृहिणीच्या भाषेंत सांगावयाचें तर सुमारें चोवीसशें किलो वजनाच्या त्या गोळ्यांत मिठाची एक किलोची पुडी, त्यापुढें धोका.

२०१० सालीं मुंबई उच्च न्यायालयानें रेतीच्या उपशावर बंदी घातली, तेव्हांपासून दगड दळून केलेल्या रेतीचा, म्हणजे बांधकामावरील बोलींतल्या क्रश सँडचा, वापर वाढला. तिच्यांत मीठ नाहीं, हा तिचा मोठाच गुण. बारीक धूळ मात्र चाळून व धुऊन काढावी लागते. नाहींतर ती पाणी पिते आणि काँक्रीट दुबळें करते.

पुनर्विकासाच्या सभेंत हल्लीं ‘हरित काँक्रीट’, ‘शाश्वत काँक्रीट’ अशीं नांवें गुळगुळीत कागदावर छापून वांटलीं जातात. नांवें नवीं असलीं तरी त्यांतली मुख्य कल्पना जुन्या गवंड्यांस अपरिचित नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास आलेली आगगाडी १ मे १८५४ रोजीं खाडी ओलांडून कल्याणला पोंचली, तेव्हां बांधकाम दगड-चुन्याचें असे. आणि ओलाव्याच्या जागीं चुन्याच्या घाणींत सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, घालण्याची रीत होती. नुसता चुना पाण्याखालीं धड आळत नाहीं; सुरखीची जोड मिळाली म्हणजे आळतो. रोमन लोक हेंच काम नेपल्सजवळच्या ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेत.

आजचा कारखानदार सुरखीच्या जागीं औष्णिक विद्युत्केंद्रांतील उडती राख घेतो. डहाणू आणि नाशिकजवळचें एकलहरें येथें दगडी कोळसा जाळून ती ढिगांनीं निघत आली आहे. रायगड जिल्ह्यांत डोलवी येथें पोलादाच्या कारखान्याशेजारींच झोतभट्टीच्या मळीचें, ज्याला स्लॅग सिमेंट म्हणतात तें, सिमेंट होतें. राखेच्या सिमेंटांत राख शेंकडा १५ ते ३५ आणि मळीच्या सिमेंटांत मळी शेंकडा २५ ते ७० असते. राख काय किंवा मळी काय, काँक्रीटमधला मोकळा चुना पकडून त्याचाच चिकट बंध बनविते आणि आंतलीं सूक्ष्म छिद्रें बुजविते. मिठाची वाट अरुंद होते. खाडीकांठच्या घराला या नव्या काँक्रीटचें मोल आहे तें मुख्यतः एवढ्यासाठीं.

दुसरा लाभ साऱ्या जगाचा. सिमेंट करण्यासाठीं चुनखडी सुमारें १,४५० अंश उष्णतेपर्यंत तापवावी लागते. तिच्यांतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि इंधनाचा धूर वेगळाच. माणसाच्या उद्योगांतून निघणाऱ्या या वायूपैकीं शेंकडा सात-आठ भाग एकट्या सिमेंटच्या वांट्यास येतो. जितकी राख वा मळी अधिक, तितकी भट्टी कमी. लोझान, क्यूबा आणि दिल्ली, मुंबई व चेन्नई येथील आय.आय.टी. यांतील संशोधकांनीं आणखी एक सिमेंट सिद्ध केलें. त्यांत भट्टींतला माल निम्मा, आणि उरलेल्या भागांत सातशें-आठशें अंशांवर भाजलेली चिकणमाती, न भाजलेली चुनखडी व थोडा जिप्सम. भारतानें २०२३ सालीं त्यासाठीं १८१८९ क्रमांकाचें मानक प्रसिद्ध केलें. त्याला सुरखीचा शिकलेला नातू म्हणावयास हरकत नाहीं.

येथपर्यंत सारें गोड आहे. परंतु या नव्या मंडळींचा एक स्वभाव आहे आणि तो कंत्राटदाराच्या स्वभावाशीं जुळत नाहीं. त्यांना सावकाश बळ येतें. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान सात दिवस ओलें ठेवावें, राख-मळीच्या काँक्रीटला निदान दहा दिवस, आणि कोरड्या, कडक उन्हाळ्यांत तें चौदा दिवसांपर्यंत वाढवावें, असें मानक ४५६ सांगतें. आतां एप्रिल-मे महिन्यांत कल्याण-डोंबिवलीच्या पूर्वेकडे पिण्याच्या पाण्यासाठीं टँकरची वाट पाहावी लागते, तेथें खांबांना गोणपाट गुंडाळून चौदा दिवस पाणी कोण मारणार? आणि न मारलें तर जुन्याहून वाईट. राखेनें चुना खर्च केलेला, बंध अर्धाच झालेला, छिद्रें उघडीं. मग हवेंतला वायु उलट लवकर सळईपर्यंत पोंचतो. ‘हरित’ नांवाचें काँक्रीट घाईच्या माणसाच्या हातीं पडलें तर त्यापेक्षां जुनें साधें काँक्रीट बरें, असें स्पष्ट म्हटलें पाहिजे.

घाईची किंमत या भागानें पाहिलेली आहे. ४ एप्रिल २०१३ रोजीं मुंब्र्याजवळ शिळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्यें एक बेकायदा बहुमजली इमारत कोसळली. वरचें बांधकाम अजून चालू होतें आणि खालीं कुटुंबें राहावयास आलेलीं होतीं. ७४ माणसें मेलीं. त्यांत पुष्कळ मुलें होतीं. अशा ठिकाणीं कोणत्या जातीचें सिमेंट वापरलें होतें, हा प्रश्न विचारण्यालाही अर्थ उरत नाहीं.

भिंतींची गोष्ट निराळी. तेथें नवलाई सरळ उपयोगाला आली आहे. ज्या पांढुरक्या, हलक्या ठोकळ्याला गवंडी आजही सिपोरेक्स म्हणतात, तें नांव मूळ स्वीडनचें, आणि आपल्याकडे तें रूढ झालें पुण्याच्या शिर्के यांच्या कारखान्यामुळें. चुना, सिमेंट आणि राख वा वाळू यांच्या कालवणांत ॲल्युमिनियमची पूड टाकली कीं वायु सुटून तें इडलीच्या पिठासारखें फुगतें. मग तें दाबाच्या वाफेंत शिजवितात. ठोकळ्याचें वजन विटेच्या तिसऱ्या हिश्शाएवढें, म्हणून उंच इमारतीच्या पायावरचा भार हलका होतो. त्यांत साधा खिळा धरत नाहीं, ही गृहिणींची तक्रार खरी आहे. त्याला निराळा स्क्रू लागतो.

पाडलेल्या घराचा राडारोडा पूर्वी सर्रास खाडीच्या दलदलींत जाई. २०१६ सालीं केंद्र सरकारनें त्याविषयीं नियम केले, आणि ठाणें महापालिकेनें डायघर येथें तो दळण्याची सोय केली. त्याच वर्षीं सुधारलेल्या मानक ३८३ नें जुन्या काँक्रीटच्या खडीला सळ्यांच्या कामांत शेंकडा २० पर्यंत जागा दिली, मात्र मध्यम बळाच्या काँक्रीटपुरतीच. जुनी खडी खारट असेल तर रोग नव्या घरांत जाईल, म्हणून तिची परीक्षा आधीं. पाणी झिरपूं देणारें काँक्रीट पदपथांना चांगलें. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्यांस त्याचें कारण सांगावयास नको. जंतूंच्या साहाय्यानें आपली भेग आपणच बुजविणाऱ्या काँक्रीटचें कौतुक वर्तमानपत्रांत येतें, पण डोंबिवलीच्या सोसायटीनें त्याची वाट पाहूं नये.

घर रिकामें करून भाड्याच्या खोलींत जाणाऱ्या कुटुंबानें विचारावयाचें तें याहून साधें आहे. काँक्रीट ओततांना त्याचे पंधरा सेंटिमीटर बाजूचे ठोकळे भरून ठेवावे लागतात. ३१ ते ५० घनमीटर काँक्रीट पडलें तर चार नमुने, आणि प्रत्येक नमुन्याचे तीन ठोकळे. ते पाण्यांत ठेवून अठ्ठावीस दिवसांनीं यंत्रांत दाबून फोडतात आणि आंकडा वहींत लिहितात. राखेच्या काँक्रीटचे कांहीं ठोकळे छपन्न दिवसांनीं फोडण्यासाठीं राखून ठेवणें शहाणपणाचें. ती वही सोसायटीच्या कमिटीनें दर महिन्यास मागावी, आणि ज्या आठवड्यांत स्लॅब पडला असेल त्या आठवड्यांत एखाद्या दुपारीं जाऊन गोणपाटाला हात लावून पाहावा.