घरच्या अपेक्षा आणि कल्याणमित्र

आठवी ते दहावी हा मुलांच्या आयुष्यातील संधिकाळ होय. घरच्या अपेक्षा याच वयात स्पष्ट शब्दांत ऐकू येऊ लागतात आणि मित्रांचे मतही आईवडिलांच्या मताइतकेच मोलाचे वाटू लागते.

आपल्या वर्सोव्याच्या कोळीवाड्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. त्याच सुमारास शाळेचे नवे वर्ष सुरू होऊन वह्या-पुस्तकांचा खर्च उभा राहतो. ही ओढाताण मुले पाहत असतात. ‘शिकून मोठा हो’ या शब्दांमागचे कष्ट त्यांना कळतात; म्हणूनच गुण कमी मिळाले, तर ते घरी सांगणे त्यांना जड जाते.

अपेक्षा मुळात वाईट नव्हे. सुभेदार रामजींचीही बाबासाहेबांकडून मोठी अपेक्षा होती. परंतु परळच्या चाळीतील एका खोलीत ते रात्री दोन वाजता भीमरावांना अभ्यासासाठी उठवीत आणि पुस्तकांसाठी प्रसंगी लेकींचे दागिने गहाण ठेवीत. अपेक्षेबरोबर त्यांनी स्वतःचा वाटाही उचलला. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या विद्यार्थ्याला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा गुरुजींनी त्यांना स्वलिखित बुद्धचरित्र भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळण्यासही साहाय्य केले. वडिलांचे बळ अपुरे पडू लागले, तेथे कल्याणमित्र उभा राहिला.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी खरे मित्र चार प्रकारचे सांगितले आहेत: उपकार करणारा, सुखदुःखात समान राहणारा, हिताचे सांगणारा आणि अनुकंपा बाळगणारा. त्याच सुत्तातील मातापित्यांच्या पाच कर्तव्यांत अपत्याला पापापासून परावृत्त करणे, सत्कर्मात प्रवृत्त करणे आणि विद्या शिकविणे येते. इतरांच्या मुलांशी तुलना करणे येत नाही.

निवासी शाळेत मुलाची अडचण प्रथम ऐकतो तो शेजारच्या खाटेवरील मित्र. मित्राचे गुपित जपणे हा मैत्रीचा धर्म खरा. परंतु मित्र आतून खचत असेल, तर ते गुरुजनांच्या कानी घालणे हीसुद्धा अनुकंपाच, हे आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

पालकांनाही आमची नम्र विनंती आहे. मुलांशी बोलताना ‘किती गुण मिळाले?’ हा प्रश्न जरूर विचारावा. मात्र त्याआधी ‘तुझे मित्र कोण? त्यांच्याशी मनातले बोलतोस ना?’ एवढे अवश्य विचारावे.