चालकावाचून मोटार आणि रस्त्यावरचा माणूस

एखाद्या नव्या यंत्राला लोकमत अनुकूल आहे की प्रतिकूल, असा प्रश्न निघाला म्हणजे लोकांनी काय उत्तर दिले एवढेच आपण पाहतो. त्यांना काय विचारले होते, हे सहसा पाहत नाही. चालकावाचून धावणाऱ्या मोटारीच्या बाबतीत नेमके असेच झाले आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटार बाळगणाऱ्यांची जुनी संस्था तेथील मोटार हाकणाऱ्यांना वरचेवर विचारते की, स्वतः चालणाऱ्या मोटारीत बसावयाची तुम्हाला भीती वाटते काय? २०२२ साली शेकडा ५५ जणांनी होय म्हटले, २०२३ साली शेकडा ६८ जणांनी, आणि २०२५ साली हे प्रमाण शेकडा साठाच्या आसपास आले. आकडे वरखाली का झाले याची चर्चा पुष्कळ होते. परंतु प्रश्न आहे तो आत बसण्याच्या भीतीचा. मोटार रस्त्याने जाते तेव्हा आत एक-दोन माणसे असतात. बाहेर पायी चालणारे, सायकलवाले, हातात पिशवी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या आणि शाळेतून सुटलेली मुले असतात. यांनी भाडे दिलेले नसते आणि यांना कोणी विचारलेलेही नसते. प्रस्तुत लेखात आम्हाला विचार करावयाचा आहे तो यांच्या मताचा.

प्रथम यंत्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. चालकाला मदत करणारी मोटार निराळी आणि चालक मुळीच नसलेली मोटार निराळी. पहिलीत माणूस जागेवर बसलेला असतो आणि लक्ष ठेवण्याची जबाबदारी त्याचीच असते. दुसरीत ती जागा रिकामी असते. आम्ही बोलत आहोत ते या दुसरीविषयी. तिच्यावर कॅमेरे असतात, रडार असते, आणि बहुधा लायडार नावाचे उपकरण असते. ते लेसर किरणांचे झोत सोडते आणि परत येण्यास त्यांना किती वेळ लागला यावरून समोरच्या वस्तूचे अंतर मोजते. पाहण्याचे काम हे यंत्र पुष्कळदा माणसापेक्षा चांगले करते, असे म्हणावयास हरकत नाही. त्याला झोप येत नाही, ते दारू पीत नाही, आणि फोन वाजला म्हणून त्याचे लक्ष उडत नाही. खरी अडचण आहे ती पाहिलेल्या वस्तूला ओळखण्याची, आणि ती पुढच्या क्षणी काय करील याचा अंदाज बांधण्याची.

१८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोना राज्यातील टेंपी या शहरात उबर कंपनीची अशी एक मोटार चाचणीसाठी फिरत होती. चाचणीचे दिवस असल्यामुळे आत देखरेखीस एक व्यक्ती होती, पण तिची नजर फोनकडे होती. एक बाई आपली सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडत असता मोटारीने तिला धडक दिली व ती मरण पावली. स्वयंचलित मोटारीखाली पादचारी दगावल्याची ही पहिली घटना होय. अपघातांची चौकशी करणाऱ्या तेथील राष्ट्रीय मंडळाला २०१९ साली असे आढळून आले की, धडकेच्या ५.६ सेकंद आधीच यंत्राला ती बाई दिसली होती. रस्त्यावर साडेपाच सेकंद म्हणजे पुष्कळ वेळ. तो वेळ यंत्राने ती वस्तू काय आहे हे ठरविण्यात घालविला. कधी मोटार, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल. आणि दर वेळी मत बदलले की तिच्या वाटचालीचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. हा माणूस आहे, असे काही त्याला ठरविता आले नाही. कारण आखलेल्या पट्ट्यांखेरीज अन्यत्र कोणी माणूस रस्ता ओलांडील, ही शक्यताच त्याच्या रचनेत धरलेली नव्हती. मूळ मोटारीत कारखान्याने बसविलेली आपत्कालीन ब्रेकची सोयही यंत्र गाडी चालवीत असताना बंद राहील, अशी व्यवस्था होती.

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर पट्टे पाहून रस्ता ओलांडणारा माणूस शोधून काढावा लागेल! परंतु हा विषय थट्टेवारी नेण्याजोगा नाही. रस्त्यावर कोणी कोठून चालावे याचे उत्तर त्या यंत्राच्या पोटात आधीच लिहून ठेवलेले होते. ते लिहिणाऱ्यांनीही ते नव्याने शोधून काढलेले नव्हते. १९२३ साली सिनसिनाटी शहरातील ४२,००० लोकांनी सह्या करून मागणी केली होती की, शहरातील प्रत्येक मोटारीला असे यंत्र बसवावे की ती ताशी २५ मैलांवर जाऊच नये. मोटारीच्या धंद्यातील लोकांनी विरुद्ध प्रचाराची राळ उठविली आणि मतदानात ती मागणी पडली. १९२५ साली लॉस एंजलिस शहराने नियम करून पादचाऱ्याच्या रस्ता ओलांडण्यावर बंधने घातली. वाटेल तेथून जाणाऱ्याला ‘जे-वॉकर’, म्हणजे शहराची रीत न कळणारा गावंढळ, हे नाव त्याच सुमारास सर्वत्र रूढ झाले. शंभर वर्षांपूर्वी माणसांनी माणसांवर जे बंधन घातले, तेच टेंपीच्या मोटारीत गणिताच्या रूपाने उतरले.

आता दुसरी बाजू पाहू. आणि ती बरीच भक्कम आहे. अमेरिकेत २०२३ साली सुमारे ४१,००० माणसे रस्त्यावर मेली. भारतात त्याच वर्षी १ लाख ७२ हजारांवर. ही सारी माणसे माणसांनी हाकलेल्या वाहनांखाली मेली, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. वेमो ही आज या धंद्यातली अग्रेसर कंपनी. तिने स्विस री या विमा कंपनीबरोबर २०२४ साली केलेल्या अभ्यासात अडीच कोटी मैलांच्या प्रवासाचा हिशेब मांडला, तेव्हा शारीरिक इजेबद्दलचे दावे माणूस हाकीत असलेल्या मोटारींच्या मानाने शेकडा ९२ ने कमी भरले. अभ्यासात कंपनीचा हात आहे हे ध्यानात ठेवूनही तो उडवून लावता येणार नाही. मृत्यूंच्या बाबतीत मात्र घाई करू नये. यंत्र माणसाहून वाईट नाही एवढे खात्रीने म्हणावयाचे झाल्यास एकही मृत्यू न होता सुमारे २७.५ कोटी मैल धावले पाहिजे, असा हिशेब रँड या संस्थेने २०१६ साली मांडून ठेवला आहे. शिवाय ज्यांना स्वतःला मोटार हाकता येत नाही त्या अंधांना अशा मोटारीने जे स्वातंत्र्य मिळते, त्याची किंमत डोळस माणसाने ठरवू नये.

असे असताना सॅन फ्रान्सिस्को शहर २०२३ साली या मोटारींवर का उठले? वेमो आणि क्रूझ या दोन कंपन्यांच्या मोटारी तेथे फिरत होत्या. त्या मधेच थांबत, आगीच्या बंबाची वाट अडवीत, आणि ‘गाडी बाजूला घ्या’ म्हणून ओरडावे तर आत कोणी नसे. अग्निशामक दलाने अशा पन्नासांवर घटना नोंदविल्या. तेव्हा काही लोकांनी एक गमतीदार उपाय काढला. रस्त्याच्या कामाच्या वेळी ठेवतात तो नारिंगी शंकू उचलावयाचा आणि मोटारीच्या बॉनेटवर ठेवून द्यावयाचा. तेवढ्याने ते अतिशय महागडे यंत्र जागच्या जागी थिजून जाई! १० ऑगस्ट २०२३ रोजी राज्याच्या लोकोपयोगी सेवा आयोगापुढे तासन् तास सुनावणी झाली, बाजूने आणि विरुद्ध लोक बोलले, आणि आयोगाने तीन विरुद्ध एक मतांनी दोन्ही कंपन्यांना शहरभर अहोरात्र भाड्याचा धंदा करण्यास मोकळीक दिली. शहराच्या अधिकाऱ्यांचा विरोध होता. पण कॅलिफोर्नियात हा अधिकार राज्याचा आहे, शहराचा नाही.

पुढे दोन महिन्यांच्या आत, २ ऑक्टोबरला, माणूस हाकीत असलेल्या एका मोटारीने एका बाईला उडविले आणि ती क्रूझच्या मोटारीपुढे येऊन पडली. ती धडक टाळणे कदाचित कोणालाच साधले नसते. परंतु थांबल्यावर ती मोटार कडेला उभे राहण्याच्या नियमाप्रमाणे पुन्हा चालू झाली आणि खाली अडकलेल्या बाईला सुमारे वीस फूट फरफटत घेऊन गेली. पहिल्या मोटारीतला माणूस पळून गेला, हेही येथे सांगितले पाहिजे. माणसाचा कैवार घेताना हे विसरून चालणार नाही. तरीही लोक अधिक चिडले ते पुढच्या प्रकाराने. फरफटीची हकीकत कंपनीने सरकारी अधिकाऱ्यांस सरळपणे सांगितली नव्हती. खोटा अहवाल दिल्याचे तिने पुढे २०२४ साली कबूल केले. २४ ऑक्टोबरला राज्याने तिचे परवाने तहकूब केले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिच्या मालक जनरल मोटर्स कंपनीने या टॅक्सींच्या धंद्यातून अंग काढून घेतले. मध्यंतरी फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच शहराच्या चिनी वस्तीत नववर्षाच्या गर्दीने वेमोची एक रिकामी मोटार जाळली. त्या जाळपोळीचे समर्थन आम्ही करीत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे एक मांजर वेमोच्या मोटारीखाली मेले. ते एका दुकानाचे, साऱ्या पेठेचे लाडके मांजर होते. माणसांच्या मोटारींखाली मांजरे रोजच मरतात. पण याच्यासाठी लोकांनी फुले वाहिली, मेणबत्त्या लावल्या, आणि शहराच्या एका लोकप्रतिनिधीने मागणी केली की, अशा मोटारी फिरू द्याव्यात की नाही हे त्या त्या जिल्ह्याच्या मतदारांना ठरवू द्यावे. यंत्रशास्त्रज्ञाला हा भाबडेपणा वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही, कारण मागणीत मांजराविषयी अक्षर नाही. तिचा विषय ‘आम्हाला विचारा’ एवढाच आहे.

चॉन्सी स्टार या शास्त्रज्ञाने १९६९ साली दाखवून दिले होते की, स्वेच्छेने पत्करलेला धोका मनुष्य दुसऱ्याने लादलेल्या धोक्याच्या मानाने सुमारे हजारपट सहन करतो. घाटात बेफाम मोटारसायकल हाकणारा तरुण घराशेजारी स्फोटकांचे कोठार होऊ देत नाही, यात विसंगती नाही. चालकरहित मोटारीत बसणाराची भीती एकदोन फेऱ्यांत जाऊ शकते, कारण बसण्याचे त्याने स्वतः ठरविले. रस्त्यावर चालणाराने काहीच ठरविलेले नाही. त्याच्यापुढे सुरक्षिततेचे आकडे कितीही टाकले, तरी त्याच्या प्रश्नाचे ते उत्तर होत नाही.

यात जबाबदारीचाही प्रश्न मिसळलेला आहे. आपण रस्ता ओलांडताना हात वर करतो, चालकाच्या तोंडाकडे पाहतो, त्याने मान हलविली की पुढे जातो. न हलविली तर शिवी हासडून मागे सरतो. हा व्यवहार माणसामाणसांतला आहे. रिकाम्या जागेशी तो करता येत नाही. पोलिसाचीही तीच पंचाईत. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन ब्रूनो या गावी मनाई असलेल्या जागी वळलेली वेमोची मोटार पोलिसांनी अडविली, पण दंडाची पावती फाडावयाची कोणाच्या नावे? त्यांनी कंपनीला कळविले आणि मोटार सोडून दिली. यासाठी राज्याने २०२४ साली कायदा केला आणि तो १ जुलै २०२६ पासून अमलात यावा असे ठरविले. मोटारी आधी रस्त्यावर आल्या, जाब विचारण्याची सोय मागाहून.

आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात बोलताना केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी, चालकांचे रोजगार बुडतील म्हणून अशा मोटारी भारतात येऊ देणार नाही, असे सांगितले. टॅक्सी-ट्रकवर ज्या लाखो कुटुंबांची चूल पेटते त्यांच्या दृष्टीने हे कारण लहान नाही. परंतु त्यातही पायी चालणाऱ्याचा विचार आलेला नाही. यंत्राला आपले लोक उगीच भितात असेही नाही. दिल्लीच्या मेट्रोत डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाडी धावू लागली आणि लोक मुकाट्याने तीत बसले. तो मार्ग सर्व बाजूंनी बंद असतो, त्यात कोणी भाजीची टोपली घेऊन आडवे येत नाही. आपल्या गावातल्या रस्त्याला असे कुंपण नाही, आणि ते असावे असे कोणी म्हणणारही नाही. तेव्हा आपल्याकडे कधी या विषयावर लोकमत अजमावण्याची वेळ आलीच, तर प्रश्नपत्रिका मोटारीच्या दुकानात न वाटता मंडईच्या दारात वाटावी, आणि विचारावे ते एवढेच: ही मोटार तुमच्या गल्लीतून गेलेली तुम्हाला चालेल काय, आणि तिचा धक्का लागला तर तक्रार कोणाच्या दारी न्यावयाची, हे तुम्हाला कोणी सांगितले आहे काय?