दाण्याच्या कुटापासून पीनट बटरपर्यंत

मराठी माणूस जगाच्या पाठीवर कुठेही गेला, तरी त्याच्या स्वयंपाकघरात एक डबा हमखास सापडतो. दाण्याच्या कुटाचा! काकडीची कोशिंबीर असो, भरली वांगी असोत की एकादशीची साबुदाण्याची खिचडी, कुटावाचून आपलं पान हलत नाही. इथल्या कॅनेडियन घरात तितक्याच हमखास सापडणारी वस्तू म्हणजे पीनट बटरची बरणी. आपली मुलं या दोन्हींवर वाढतात; पण हे दोघे सख्खे भाऊ आहेत, हे आपल्या फारसं ध्यानात येत नाही. कूट मिक्सरमध्ये आणखी काही मिनिटं फिरवलं की त्याचं पीनट बटर होतं, इतकं साधं नातं आहे हे.

पीनट बटर म्हणजे अस्सल अमेरिकन पदार्थ, अशी आपली समजूत असते. पण त्याच्या जन्मकथेत कॅनडाचा मान मोठा आहे. मॉन्ट्रियलचे मार्सेलस गिलमोर एडसन यांना 1884 साली अमेरिकेचं एक पेटंट मिळालं. भाजलेले दाणे तापवलेल्या पृष्ठभागांमध्ये दळून पातळसर करायचे, थंड झाल्यावर ते लोण्यासारखे घट्ट होतात, आणि मग त्यात साखर घालून मिठाई करायची, अशी ती कृती. पुढे 1890 च्या दशकात अमेरिकेत कॉर्नफ्लेक्सवाल्या डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी आपल्या आरोग्यधामातल्या शाकाहारी रुग्णांसाठी दाण्याचं ‘लोणी’ करायला सुरुवात केली. बाजारच्या बरणीत तेल वर तरंगत नाही, याचं श्रेय जोसेफ रोझफील्ड यांना. त्यांनी 1920 च्या दशकात हायड्रोजनेटेड तेल मिसळण्याची युक्ती काढली.

आणि आपल्याकडे? सोलापूरच्या बायका उखळात दाणे, लाल तिखट, लसूण, जिरं आणि मीठ घालून तेल सुटेपर्यंत कुटत आल्या आहेत. त्या शेंगदाण्याच्या चटणीची सगळी खुमारी त्या सुटलेल्या तेलात असते. दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं. दाण्याच्या पेशी पुरेशा फुटल्या की ते बाहेर येतं आणि कोरडं कूट ओलं होतं. सोलापुरी चटणी आणि पीनट बटर, दोन्हींचं मर्म एवढंच!

घरी कसं करावं?

कच्चे, सोललेले तीन कप दाणे घ्या. आधी नीट निवडा. सुरकुतलेले, काळपट किंवा बुरशीचा वास येणारे दाणे सरळ टाकून द्या. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि ते भाजूनही पुरतं जात नाही. ओव्हन 350 फॅरनहाइटवर तापवून दाणे ट्रेमध्ये एका थरात पसरा आणि 15 ते 18 मिनिटं भाजा, मधे एकदा हलवा. कढईत मंद आचेवर भाजले तरी चालतील. कोमट झाल्यावर हातांनी चोळून सालं काढा. सूप नसेल तर ट्रे बाल्कनीत नेऊन फुंकर मारा. उन्हाळ्यात हे काम मुलं आनंदानं करतात.

आता दाणे कोमट असतानाच फूड प्रोसेसरमध्ये किंवा मिक्सरमध्ये घाला. पहिल्या मिनिटाला होतं आपलं ओळखीचं कूट. मग ते भांड्याच्या कडांना चिकटू लागतं. पुढे त्याचा एक गोळा होतो आणि नवशिका माणूस इथेच धीर सोडतो. भांडं थांबवून चमच्यानं कडा खरवडा, मोटर निववा आणि परत फिरवा. सात-आठ मिनिटांत गोळा मोडतो, चकाकी येते आणि बटर पळीवाढं होतं. चवीपुरतं मीठ, हवा असल्यास चमचाभर मध किंवा गूळ घाला. गोळा मोडेना तर चमचाभर शेंगदाण्याचं तेल घालावं. पाणी मात्र थेंबभरही नको, नाहीतर ते घट्ट होऊन बसतं आणि टिकतही नाही. दीड ते पावणेदोन कप बटर होतं. कोरड्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवलं की महिनाभर छान राहतं. तेल वर आलं तर ढवळून घ्या. त्यात काही बिघडलेलं नसतं.

बदाम असेच करता येतात, पण त्यांना वेळ जास्त लागतो. काजू लवकर होतात.

पण शाळेच्या डब्याचं काय?

इथे मात्र जरा थांबायला हवं. भारतात आपण दाण्याच्या अ‍ॅलर्जीबद्दल फारसं ऐकलेलं नसतं, म्हणून इथल्या शाळेची ‘नो नट्स’ची चिठ्ठी आली की ‘काय हे फॅड!’ असं आपल्या तोंडून निघून जातं. हे फॅड नव्हे. 2003 साली ऑन्टारिओतली तेरा वर्षांची सब्रिना शॅनन शाळेत अ‍ॅलर्जीचा तीव्र झटका येऊन दगावली. तिच्या नावानं झालेला ‘सब्रिनाज लॉ’ 1 जानेवारी 2006 पासून ऑन्टारिओत लागू आहे. त्यानुसार प्रत्येक स्कूल बोर्डाला अशा झटक्यांबाबत धोरण आखावं लागतं. कायदा दाण्यांवर बंदी घालत नाही, पण अनेक शाळा ते आणू नका असं सांगतात.

आता आपला डबा पाहा. खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, चिवड्यात दाणे, पोळीला लावलेली चटणी दाण्याची! सॅंडविच नसलं म्हणजे डब्यात दाणे नाहीत, असं आपल्या घरात होत नाही. शिवाय दाणा हा बदाम-अक्रोडांचा भाऊबंद नव्हे, तो कडधान्याच्या कुळातला. ‘भुईमूग’ या नावातच मूग आहे! म्हणून ‘नट’ म्हटल्यावर कूट चटकन डोळ्यांपुढे येत नाही. कॅनडाच्या प्रमुख अ‍ॅलर्जींच्या यादीत तीळ आणि मोहरीसुद्धा आहेत, म्हणजे तिळाचे लाडू आणि आपली फोडणीही आली. शाळेत दाणे नको असतील, तर भाजलेल्या सूर्यफुलाच्या बियांचं बटर याच कृतीनं होतं. ते दिसतं दाण्याच्या बटरसारखंच, तेव्हा आधी शिक्षकांना विचारून घ्यावं. सकाळी घरी पीनट बटर खाल्लं तर मुलांचे हात आणि तोंड साबणानं धुवा. नुसत्या पाण्यानं किंवा सॅनिटायझरनं दाण्याचा अंश नीट जात नाही.

तान्ह्या बाळांच्या आयांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. पूर्वी दाणे उशिरा द्या असं सांगत. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात 640 बाळं होती, त्यांना तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी किंवा दोन्हीही होतं. ज्यांना लहानपणापासून नियमित दाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी दाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली. आता कॅनडातले बालरोगतज्ज्ञही साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास दाणे सुरू करायला सांगतात. एक्झिमा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. बाळाला अख्खा दाणा किंवा घट्ट बटरचा चमचा कधीही देऊ नये, घशात अडकतो. कोमट पाण्यात किंवा दुधात सैल करून, लापशीत कालवून द्यावं. घरच्या बटरमध्ये मीठ-साखर नसली की हे काम सोपं होतं.

एक विनंती

गणेशोत्सवात आणि दिवाळीत आपण सगळे घरून पदार्थ आणतो. आता आपल्या पंगतीला मुलांचे इथले मित्र येतात, सुना-जावई येतात. अशा पाहुण्याला ‘यात दाणे आहेत का?’ हे विचारायला संकोच वाटतो, आणि वाढणाऱ्यालाही ते पातेलं कोणाच्या घरचं हे ठाऊक नसतं. तेव्हा प्रत्येक पातेल्यापुढे एक चिठ्ठी ठेवूया: दाणे, काजू-बदाम, तीळ, मोहरी, दूध, जे असेल ते. इंग्रजीत आणि मराठीत, मोठ्या अक्षरांत. डावही प्रत्येक पातेल्याला वेगळा असावा. खिचडीचा डाव वरणात गेला तर चिठ्ठीचा काय उपयोग?

कूट आपण सोडायचं नाही. फक्त ते कशात आहे, एवढं सांगायचं. अतिथीला पोटभर वाढणं ही आपली रीत आहे, तर तो निर्धास्तपणे जेवेल हेही पाहूया.